कुसुमबाई रग्बी बघायला आल्या

१२ डिसेंबर. जर्सीवरचे उसवलेले नंबर पुन्हा शिवणं, हे त्या दिवशीचं काम. रग्बीत जर्सी ओढली जाते, ओढली की पाठीवरचा आकडा सुटतो, आणि आमच्या संघात सुईदोरा फक्त माझ्याकडे असतो. मी पुण्याच्या एका महिला रग्बी संघाची व्यवस्थापक आहे. शब्द भारदस्त आहे. प्रत्यक्षात तिकिटं, केळी, बर्फ, चिकटपट्ट्या आणि धुणं. स्वतः कधी बॉल घेऊन पळाले नाही. पन्नाशीत ते सुरू करायचा विचारही नाही.

रात्रीच्या गाडीने नागपूर आणि तिथून इटारसीच्या लाइनवरचं पांढुर्णा, असा प्रवास होता. तिथे आणि शेजारच्या सौंसरला चार देशांतल्या महिला क्लबांची सेव्हन्स स्पर्धा होती. सेव्हन्स म्हणजे एका बाजूला सात जणी, सात-सात मिनिटांचे दोन डाव. बॉल हातात घेऊन पळायचं, समोरच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. टेकवला की गुण, त्याला ट्राय म्हणतात. बॉल पुढे फेकायचा नाही, फक्त मागे. अडवायचं तर धरून खाली पाडायचं. वाचकांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

"पांढुर्णा? तिथे कोण रग्बी खेळतं?" असं पुण्यात मला बऱ्याच जणांनी विचारलं. सौंसरच्या मुली खेळतात. कापसाच्या आणि संत्र्याच्या शेतकऱ्यांच्या मुली, सुना. दोन वर्षं त्या सगळीकडे जाऊन खेळून आल्या, आणि मग तिथल्या व्यापाऱ्यांनी, मास्तरांनी ठरवलं की आता पाहुण्यांना आपल्याकडे बोलवायचं. पहिल्या दिवसाचे सामने पांढुर्ण्याला, शेवटच्या दिवसाचे सौंसरला. अशी वाटणी का, ते मला पुढे एका पानवाल्याने सांगितलं. "जिल्हा त्याहिले भेटला," तो नव्याने जिल्ह्याचं ठाणं झालेल्या पांढुर्ण्याच्या दिशेने मान हलवत म्हणाला, "मंग फायनल तं आमचीच पायजे ना!"

नागपूर सोडलं की काटोल, नरखेडपर्यंत दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे दिसू लागतात. गडद हिरवी, बुटकी, गोल झाडं, आणि त्यांत पिवळे-केशरी ठिपके. मधूनच कापसाचं रान. राज्याची हद्द कुठे ओलांडली ते कळलं नाही. पाट्या हिंदी झाल्या, डब्यातलं बोलणं मात्र मराठीच राहिलं.

पांढुर्ण्याला गाडी फार थांबत नाही. आम्ही बारा जणी आणि नऊ बोजे. मी दाराशी उभी राहून सामान मोजत खाली देत होते, आणि शेवटचा बोजा, म्हणजे बॉलची पिशवी, आमच्या दोघी जणी सीटखालून ओढत असताना गाडी हलली. त्या दोघी खिडकीतून आमच्याकडे बघत पुढे गेल्या. एक हसत होती, दुसरी रडायच्या बेतात होती.

फलाटावर आम्हाला घ्यायला एक तिशीतला माणूस आला होता. त्याने शांतपणे गाडीच्या शेपटाकडे पाहिलं.

"काही टेन्शन नका घेऊ, म्याडम. ही पॅसेंजर हाय. पुढं तिगावले थांबते. त्याहिले फोन करा, उतरा म्हना. मी आनतो."

हा मंगेश. त्याची पिकअप गाडी स्टेशनबाहेर उभी होती, मागे रिकामे क्रेट. तो संत्र्याची ने-आण करतो, आणि त्याची बायको शीतल सौंसरच्या संघात खेळते, हे त्याने गाडी सुरू करायच्या आत सांगून टाकलं. तिगावच्या फलाटावर आमच्या दोघी बॉलच्या पिशवीवर बसून कुणाच्या तरी डब्यातली सांबारवडी (सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर) खात होत्या. रडवेली होती ती आता जास्त खात होती.

गावात इतक्या संघांना पुरतील एवढी लॉज नाहीत, म्हणून पाहुण्यांना घरोघर उतरवलं होतं. नेपाळच्या मुली एका शिक्षकांकडे, श्रीलंकेच्या कापूस व्यापाऱ्याकडे. मी आणि आमची कर्णधार ऋचा सौंसरला मंगेशच्याच घरी. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या घरात. ऋचाला हे फार गमतीचं वाटलं. मला सोयीचं वाटलं, कारण घराला मोठं अंगण होतं आणि कपडे वाळत घालायला तारा.

दारात मंगेशची आई उभी होती. कुसुमबाई. साठीच्या आसपास, सडपातळ, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि नजर अशी की आपल्याला तोलून बाजूला ठेवलं जातंय असं वाटावं. हात धुऊन झाले तशी पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा आणि ज्वारीची भाकर समोर आली. रस्सा इतका झणझणीत की ऋचाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हे पळते म्हनता, अन् तिखट नाही खात?" कुसुमबाई म्हणाल्या.

शीतल चुलीपाशी भाकरी थापत होती. पंचविशीची असेल. खांद्याने रुंद, बोलायला कमी. तीन वर्षांची मुलगी तिच्या पाठीला लोंबकळत होती. डाव्या खांद्याजवळ गळ्यापाशी हाडाला उंचवटा दिसत होता. मोडून जुळलेलं हाड मला ओळखता येतं. ती अंगणात गेल्यावर कुसुमबाईंनीच विषय काढला.

"मागच्या साली मोडलं ते. ऐन बहारात. दीड महिना हात गळ्यात बांधून बसली. हे पोरगी मी सांभाळली, सैपाक मी केला, बगीच्यातली निवड भी मी केली. माझे गुडघे कसे हाय ते माझ्या मनाले माहीत." मग थांबून म्हणाल्या, "म्या सांगून देल्लं हाय. हे पाहुने येऊन राहिले म्हनून खेळ. याच्यानंतर बंद."

"मंगेश काय म्हणतो?"

"तो काय म्हनन? 'आईले विचार' म्हनते."

एखादी दुसरी बाई असती तर तिने इथे मुलींच्या स्वप्नांवर दोन वाक्यं टाकली असती. पण दीड महिना घर कुणी ओढलं हा प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर समोर बसलं होतं.

"तुमी इतक्या सालापासून पाहून राहिल्या," कुसुमबाई म्हणाल्या. "मले खरं सांगा. ते चांगली खेळते का? इथं सारे म्हनते चांगली, चांगली. चांगली तं शेजारची पोट्टी भी गाते. म्या एकदा भी नाई पाह्यलं."

"मीही अजून पाहिलेली नाही. उद्या बघते आणि खरं सांगते."

"खरंच सांगजा. मले चांगलं वाटावं म्हनून नोका सांगू."

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला सामने. मैदान म्हणजे कडक काळी जमीन, वर आणून पसरलेली माती आणि जमेल तितकं गवत. चुन्याच्या रेषा मात्र दोरी लावून आखल्यासारख्या सरळ. गर्दी भरपूर. मला काळजी होती की मुलींना असं धरून आपटताना पाहून बायका बिचकतील. पहिल्याच सामन्यात बांगलादेशच्या एका मुलीने कोलकात्याच्या मुलीला उचलून आडवं केलं, तेव्हा माझ्याशेजारच्या आजोबांनी फक्त पान चघळत मान डोलावली.

"तुम्हाला हे फार रांगडं नाही ना वाटत?" मी विचारलं.

"अवो बाई, आमच्याइथं पोळ्याच्या दुसऱ्या रोजी, करीले, नदीत गोटमार चालते. दोन गावं एकमेकाहिले दगडं मारते. हे तं बॉलच हाय!"

मग सौंसरचा संघ आला. नऊ नंबरची शीतल. पहिल्या मिनिटात तिच्या हातात बॉल आला आणि मी हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली. ती पळत नव्हती, सुटत होती. समोर तिघी आल्या तर ती बाजूला झुकायची, जणू फांदीखालून निघावं तशी, आणि मागे तिघी एकमेकींकडे बघत उभ्या. इतक्या वर्षांत मी जोरात पळणाऱ्या पुष्कळ पाहिल्या. अशी वाट काढणारी क्वचितच.

पण रेषेपलीकडे गेल्यावर तिने एक चमत्कारिक गोष्ट केली. वेग कमी केला, एक गुडघा टेकवला, आणि दोन्ही हातांनी बॉल हळूच जमिनीवर ठेवला. पाठीमागे कुणी नव्हतं म्हणून ट्राय झाला. दुसऱ्यांदा मात्र श्रीलंकेची एक मुलगी मागून येत होती. शीतल गुडघ्यावर बसेपर्यंत तिने येऊन धडक दिली आणि बॉल निसटला. गुण गेला. मजा अशी की तिच्या संघातल्या दुसऱ्या मुलीही तसंच करत होत्या. त्यांच्या क्रीडाशिक्षिका बाजूने ओरडून ओरडून घसा बसवून घेत होत्या, "झेप घ्या वो, झेप!" मुली हो म्हणायच्या आणि पुन्हा बॉल ठेवायच्या, जणू त्याला झोप लागलीय.

त्या दिवशी आम्ही एक जिंकलो, एक हरलो. सौंसरचंही तसंच. उपांत्य फेरीत समोरासमोर आलो.

मध्ये एक दिवस विश्रांतीचा होता. सगळ्या संघांना बगीचे दाखवायचा कार्यक्रम होता. मंगेशच्या पिकअपमध्ये आम्ही आणि नेपाळच्या मुली मिळून बसलो. सौंसरपासून थोडं पुढे त्यांचा बगीचा. तोडणी जोरात चालली होती. माणसं शिडीवर, बायका झाडाखाली पसरलेल्या तणसावर, म्हणजे वाळल्या गवतावर, बसून निवड करत होत्या. मोठं फळ इकडे, बारीक तिकडे.

नेपाळच्या कर्णधार मुलीने एक संत्रं सोललं, फोड तोंडात टाकली आणि हिंदीत म्हणाली, "आमच्याकडे पण होतात. सुन्तला म्हणतो आम्ही. आमची जास्त गोड असतात."

कुसुमबाईंना हिंदी चांगलं कळतं. त्यांनी ढिगातून एक फळ निवडलं, दुसरं निवडलं, दोन्ही परत ठेवली, तिसरं तिच्या हातात दिलं. "हे खाय. मंग सांग."

मुलीने खाल्लं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. "बराबर आहे," ती म्हणाली. "सारखंच गोड आहे."

"हरली," कुसुमबाई मराठीत म्हणाल्या आणि पुन्हा निवडीला लागल्या.

मी त्यांच्याशेजारी तणसावर बसले. तेवढ्यात आमच्या संघातल्या एकीने हौसेने चार संत्री तोडली आणि लांबूनच ढिगावर टाकली. कुसुमबाईंचा आवाज बगीचाभर गेला.

"फेकू नोको! आपटू नोको वो माय! ठेव!"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. आपटलेलं फळ त्या दिवशी चांगलंच दिसतं. सालीवर काही कळत नाही. पण आतून ते दुखावलेलं असतं, क्रेटमध्ये बसलं की मऊ पडतं, आणि शेजारच्या फळांना घेऊन सडतं. दिल्लीला क्रेट उघडेपर्यंत सगळ्याचा चोथा. म्हणून इथे पोर चालायला लागलं की त्याला पहिली गोष्ट शिकवतात: फळ दोन्ही हातांनी धरायचं, खाली बसायचं, ठेवायचं. "आमच्या शीतलले तं सांगा लागलं नाही. तिच्या माहेरी भी बगीचाच हाय. तिच्या हातून म्या आजवर एक फळ पडलेलं नाही पाह्यलं."

समोरच शीतल क्रेट भरत होती. पटपट चालत यायची, एक गुडघा टेकवायची, दोन्ही हातांनी फळं ठेवायची. उठायची. पुन्हा चालायची.

मी बघत राहिले. मग ऋचाला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, "नऊ नंबर रेषेपलीकडे गेली की गुडघ्यावर बसते. त्या क्षणी तुझा हात तिच्या बॉलखाली गेला पाहिजे. बॉल जमिनीला टेकला नाही तर गुण नाही." यात मला काही संकोच वाटला नाही. ज्यांची भाकर खाल्ली त्यांच्याविरुद्ध खेळायचं तर नीटच खेळावं; अर्धवट खेळणं हा यजमानांचा जास्त अपमान.

संध्याकाळी कुसुमबाईंनी अंगणात विचारलंच. "मंग? पाह्यलं ना काल?"

"पाहिलं. त्या मैदानावर तिच्याइतकी चांगली पळणारी दुसरी नव्हती. आमच्यातही नाही."

त्यांनी तोंडावर काही दाखवलं नाही. "अन्?"

"आणि शेवटी गुण घालवते. बॉल संत्र्यासारखा ठेवते. तेवढ्यात मागून येऊन कुणीही पाडतं."

कुसुमबाई मोठ्याने हसल्या. पहिल्यांदाच. "मंग बरोबरच करते ना! आपटाचा असते का?"

"हो. तिथे आपटायचा असतो."

"हॅट," त्या म्हणाल्या. "कोनतीच वस्तू आपटून चांगली होत नाही."

"उद्या इथेच आहे सामना. घरापासून पाच मिनिटांवर. स्वतःच बघा."

"मले काय समजते त्यातलं?"

"मला संत्र्यातलं काय समजतं? तरी दिवसभर तणसावर बसलेच ना."

शीतल आतून सगळं ऐकत असणार. भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

सौंसरचं मैदान पांढुर्ण्यापेक्षा लहान, पण गर्दी जास्त. शाळा सुटलेल्या, दुकानं अर्धी बंद, बगीच्यांवरच्या बायका ओळीने बसलेल्या. आमचा सामना सुरू व्हायच्या जरा आधी मंगेश डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला, आणि मागून नात कडेवर घेतलेल्या कुसुमबाई. खुर्ची त्यांनी कडुनिंबाच्या सावलीत ठेवायला लावली. ती जागा नेमकी टोकाच्या रेषेजवळ होती, आणि मी पाण्याच्या बाटल्या घेऊन तिथेच उभी होते.

पहिल्या दोन मिनिटांत त्यांनी मला पाच प्रश्न विचारले.

"हे पोट्टी बॉल मागं काहून फेकून राहिली?"

"पुढे फेकायचा नसतो."

"मंग पुढं कसं जाते?"

"पळत."

"अन् त्या साऱ्या डोकं खुपसून कायले उभ्या हाय?"

"त्याला स्क्रम म्हणतात."

"गाई पाण्यावर गेल्यावानी दिसते," असं त्या म्हणेपर्यंत शीतलच्या हातात बॉल आला.

ती आमच्या दोघींमधून निघाली, तिसरीला हाताने दूर लोटलं आणि आमच्याच दिशेने सरळ आली. बगीच्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. रेषा ओलांडली, गुडघा टेकवला, आणि त्याच क्षणी मागून ऋचा येऊन तिच्याखाली घुसली. दोघी जमिनीवर. बॉल ऋचाच्या दंडावर. पंचांनी हात हलवला: गुण नाही.

"नेऊन देल्ला ना तिनं?" कुसुमबाई म्हणाल्या. "मंग?"

"जमिनीला लागला नाही. आमच्या ऋचाचा हात मध्ये आला."

"तुमची पोट्टी हाय? काल माझ्या घरी भाकर खाल्ली ते?"

"तीच."

"लबाड हाय."

"आहेच."

मग आमच्यातल्या एकीने ट्राय केला. मी टाळ्या वाजवल्या. कुसुमबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या डावात सौंसरच्या एका बुटक्या मुलीने एक ट्राय केला आणि बरोबरी झाली. त्यानंतर शीतल पुन्हा सुटली. पुन्हा रेषा, पुन्हा गुडघा, पुन्हा ऋचा. या वेळी बॉल हातातून निसटून बाहेर गेला आणि शीतलच्या खांद्यावर ऋचाचा गुडघा बसला. तोच खांदा. ती उठली नाही.

कुसुमबाई खुर्चीतून उठल्या. नात मंगेशकडे दिली. पदराचं टोक मुठीत. मी बर्फाची पिशवी घेऊन आत धावले. असं काही झालं की संघ कुणाचा हे बघत नाही मी. बोटांनी हाड चाचपलं. शाबूत होतं. शीतलने हात वर-खाली करून दाखवला, दात आवळले आणि उठली.

परत आले तर कुसुमबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"हाड बरं आहे," मी म्हटलं.

"ते दिसलं मले." मग म्हणाल्या, "तुमी सांगतलं तुमच्या पोट्टीले. ठेवताना धर म्हनून."

"हो. माझा संघ आहे."

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. जरा वेळ ओठ हलवत काहीतरी पुटपुटल्या. मग खुर्ची तशीच सोडून चुन्याच्या रेषेपर्यंत गेल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

शेवटचं मिनिट असेल. बॉल पुन्हा नऊ नंबरकडे आला. शीतल कडेने निघाली. आमच्या दोघी मागे पडल्या, पण ऋचा तिरकी धावत येत होती, आणि मला दिसत होतं की गुडघा टेकवला की ऋचा पोचणार. शीतल रेषेपाशी आली. वेग कमी केला. तसा माझ्या शेजारून असा आवाज निघाला की कडुनिंबातल्या साळुंक्या उडाल्या.

"आपट! शीतल, आपट! माझ्या बगीच्यातलं नाई हाय ते! आप्पट!"

शीतलने मान वर केली. सासूला पाहिलं. आणि मग गुडघा न टेकवता तिने सगळं अंग पुढे फेकलं, बॉल छातीखाली घेऊन जमिनीवर अशी आदळली की मातीचा लोट उठला. ऋचा तिच्या पाठीवर येऊन पडली, पण तोवर शिट्टी वाजली होती.

सामना आम्ही हरलो. बगीच्यावरच्या बायकांनी जो गलका केला त्यात मला आमच्या मुलींशी बोलताही येईना. शीतल तोंडभर माती घेऊन हसत आली. कुसुमबाईंनी आधी तिचा खांदा दाबून पाहिला, मग हनुवटी धरून चेहरा वळवला, मग पदराने तोंड पुसलं.

"बहेरी झाली होती का?" त्या म्हणाल्या. "इतक्या खेपा नेऊन देल्ला, अन् ठेवत बसली!"

"आई, तुमीच तं शिकवलं..."

"म्या संत्र्याचं शिकवलं. ह्याचं शिकवलं का म्या?"

ऋचा रडून डोळे लाल करून आली, तेव्हा कुसुमबाईंनी तिच्याही तोंडावरची माती त्याच पदराने पुसली. "लबाड," एवढंच म्हणाल्या.

अंतिम सामना दुपारी नेपाळविरुद्ध झाला आणि सौंसरच्या मुली एका ट्रायने हरल्या. पण शीतलचे दोन्ही ट्राय झेप घेऊन झाले. नेपाळच्या मुलींचा खेळ पाहताना मन भरून आलं हे लिहिलंच पाहिजे. त्या एकमेकींच्या मागे इतक्या शिस्तीने धावतात की पडणारीला कधी एकटी सोडत नाहीत. कुसुमबाई पूर्ण सामना रेषेवर उभ्या होत्या. गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी अंगणात रोडगे भाजले (कणकेचे गोळे गोवरीच्या विस्तवात भाजून तुपात बुडवतात), सोबत वांग्याची भाजी. तीन संघांच्या मुली जेवायला. मंगेशने दोनदा आईजवळ जाऊन काहीतरी विचारायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा त्यांनी त्याला पाणी आणायला पाठवलं, दुसऱ्यांदा लाकडं. शीतल वाढत होती आणि सासूच्या तोंडाकडे बघायचं टाळत होती. मीही विचारलं नाही. मला काय वाटतं ते सांगून झालं होतं.

सकाळी आम्हाला निघायचं होतं. मी अंगणात जर्सी घड्या घालत होते. बगीच्यावर जाणाऱ्या बायकांना घ्यायला पिकअपने हॉर्न दिला. कुसुमबाई डोक्याला रुमाल बांधून, भाकरीचं गाठोडं घेऊन बाहेर आल्या. आत नात रडत उठली, तर तिला तशीच उचलून कडेवर घेतली.

"शीतल?" मी विचारलं.

"झोपू द्या तिले. अंग ठनकत असन." गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून त्या वळल्या. "दुपारी ते जाईन मैदानावर. झेप घ्याचं शिकव म्हना बाकीच्याहिले. साऱ्याच जनी ठेवत बसते." गाडीतल्या बायका हसल्या. "अन् पुढच्या खेपी कुठं जाते ते मले आधी सांगा लागन. मी येतो संग. मी नसलो तं ते ठेवूनच देते."

आणि गाडी गेली. मंगेश स्टिअरिंगवरून मागे वळून माझ्याकडे बघत इतका हसत होता की गेटचा खांब थोडक्यात वाचला.

आम्ही लोधीखेड्यावरून रस्त्याने नागपूरला आलो आणि तिथून रात्रीची गाडी धरली. सामान मी स्वतः शेवटी उतरून मोजलं. मुली वाटभर त्या पराभवाबद्दल भांडत होत्या, मी खिडकीशी बसून हिशोब वेगळाच करत होते. इतकी वर्षं मी मुलींच्या मनगटांना पट्ट्या बांधल्या, त्यांचे कपडे धुतले, आणि घरच्यांना रग्बी आवडत नाही ही तक्रार त्यांच्याइतकीच जोरात केली. घरच्यांनी रग्बी पाहिली आहे का, हे एकदाही विचारलं नाही. त्यांना खेळाची माहिती फक्त दवाखान्यातून येते. मोडलेलं हाड दिसतं. ते हाड मोडायच्या आधी ती पोरगी तिघींच्या मधून कशी निघाली होती, ते कुणी दाखवत नाही. कुसुमबाईंना कुणी समजावलं नाही. त्या आल्या, त्यांनी बघितलं, चूक कुठे होतेय ते त्यांना दिसलं, आणि ती सुधारायची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. एवढं झालं की माणूस त्या कामातून सुटत नाही.

पुण्यात पोचलो. जर्सी भिजत घातल्या. सौंसरची काळी माती तीन पाण्यांनी निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी फोन घेऊन बसले आणि पहिला ऋचाच्या घरी लावला. तिच्या आईने उचलला. माझा आवाज ऐकताच त्या म्हणाल्या, "काय लागलं तिला? कुठे आहे ती?"

"काही लागलं नाही, ती झोपली असेल घरातच," मी म्हटलं. "रविवारी सराव सामना आहे. तुम्ही बघायला या, म्हणून फोन केला."

पलीकडून कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "किती वाजता?"